भेटीचे कारण

रबाळ्याला आमच्या कंपनीच्या गेटवर एक जाडजूड वही असते.
आत येणारा प्रत्येक माणूस तिच्यात उतरतो:
नाव, कुठून, कोणाकडे, कशासाठी, वेळ.
त्या शनिवारी दोन दहाला
भांगरे वॉचमननं, नियम म्हणजे नियम,
माझ्या चार वर्षांच्या पोरीची नोंद केली.
नाव: जुई म्हात्रे. कुठून: दिघा.
भेटीचे कारण: आई.
बाहेर गेल्याची वेळ: आठ पाच.

मधले सहा तास ती केबिनमध्ये होती,
बिस्किटाचा पुडा हातात, समोर सीसीटीव्हीचा पडदा.
नऊ चौकोन. आठवा पॅकिंगचा.
निळ्या टोप्यांच्या रांगेत कुठली टोपी आई,
ते भांगऱ्यांनाही सांगता येईना.
मग तिनंच एक ठरवून घेतली.
ती सुगंधाची निघाली.
सुगंधा जेवायला उठली तेव्हा
जुईनं पडद्याला हात हलवून टाटा केला.

कायद्यात आकडा आहे:
तीसहून जास्त बायका कामाला, तर पाळणाघर.
आमच्या कंपनीत बायका तीस.
नऊ वर्षं तीसच.
कोणी बाळंतपणाला गेली तरी तीस, कोणी सोडून गेली तरी तीस.
मी एकतिसावी. माझ्यासारख्या अजून तेराजणी
ठेकेदाराच्या मस्टरवर.
दिवसभर मी गोळ्या मोजते,
पट्टीत दहा, डब्यात दहा पट्ट्या,
एक कमी भरली तर अख्खा लॉट परत.

खाडा करून वागळे इस्टेटला कामगार ऑफिसात गेले.
साहेब भला माणूस. चहा मागवला.
म्हणाले, बाई, हा आकडा मी नाही लिहिला.
मग कोणी?
वर.
मी वर पाहिलं. पंखा होता.
त्यांनीही पाहिलं, आणि दोघंही हसलो.
परत येताना टीएमटीत, कळव्याच्या पुलावर, माझं हसू थांबलं.
आकडा लिहिलाय म्हणजे हात असणार,
पेन असणार, टेबल असणार,
टेबलाभोवती माणसं बसली असणार
आणि त्यांतल्या एकालाही साडेसहाच्या आत
पोराला आणायला जायचं नसणार.

सासू म्हणाली, तुला मत देल कोन गो?
रुपेश उरणहून रात्री दीडला आला,
अंगाला फॉर्कलिफ्टच्या डिझेलचा वास.
काही बोलला नाही. डबा धुतला, पालथा घातला.
मग विचारलं, डिपॉझिट किती?
दहा हजार.
या महिन्यात भिशी मला लागली होती, फ्रिज घ्यायचा होता.
जुना गार करतो अजून, तो म्हणाला,
दार तेवढं दोरीनं बांधायचं.

आता प्रतिज्ञापत्र भरतेय.
गुन्हे: निरंक.
जमीन होती ती सासऱ्यांच्या वेळीच गेली, वर रस्ता आहे.
अवलंबितांच्या रकान्यात जुईचं नाव घातलं,
तर पुढे तिचीही मालमत्ता विचारलीय.
खोटं लिहिलं तर शिक्षा आहे.
मातीचा गल्ला उपडा करून मोजला. बासष्ट रुपये. लिहिले.

अपक्षाला सूचक दहा लागतात. नऊ झालेत.
तिसांतली कोणी सही करणार नाही, मीही केली नसती.
सुगंधा म्हणाली, विचार करून सांगते.
भांगऱ्यांनी स्वतःहून पेन मागितलं,
सही केली, आणि हाताच्या सवयीनं
खाली वेळ टाकली: सहा चाळीस.

हरणार, हे मला कळतं. मोजायचंच काम करते मी.
जुई अंथरुणातून विचारते,
तू तिकडे मोठ्या घरात गेलीस
तर तिकडच्या वहीत माझं नाव कोण लिहील?
झोप, म्हटलं. चारला पाणी येतं.