दुसरा ब्रेक

माझ्या पायाखाली एक ब्रेक असतो.
स्टिअरिंग नसतं.
अठरा वर्षं हेच करतेय मी, बर्सलेमच्या चढांवर:
दुसऱ्याच्या हातातली गाडी आणि माझा अर्धवट उचललेला पाय.

कॉरी मंगळवारी साडेचारला येतो.
एकोणीस वर्षांचा. नखं कुरतडलेली,
अंगाला गोदामातल्या पुठ्ठ्याचा वास.
मला 'मिसेस के' म्हणतो. 'खाडिलकर' जिभेवर बसत नाही,
पण दोनदा प्रयत्न केला होता त्याने.
रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीसाठी
गरजेपेक्षा जास्तच थांबतो.

मार्चमध्ये बोलायला लागला.
शनिवारी जातो म्हणे एका पबच्या मागच्या खोलीत, नुसता बसायला.
आठ महिने एजन्सीने त्याला नंबराने हाक मारली होती,
आणि तिथे कुणीतरी खांद्यावर हात ठेवून विचारलं,
"आजोबा कुठल्या कारखान्यात होते रे तुझे?"
एवढंच.
मी तरी कुठे विचारलं होतं?

आजोबा कपांना कान लावायचे.
चाळीस वर्षं, ओल्या मातीचे कान.
हे सांगताना त्याचा गिअर पहिल्यांदाच
खरखर न करता पडला.

मग 'मी'चं 'आम्ही' झालं,
आणि पाट्याला वरवंटा लागतो
तसे 'आम्ही'ला 'ते' लागतात.
ते आले. त्यांनी घेतलं. त्यांना घरं, आम्हाला रांगा.
"तुम्ही नाही हं, मिसेस के. तुम्ही चांगल्या आहात."
डावीकडे वळ, म्हटलं मी. इंडिकेटर दे.

खोटं कशाला बोलू, घाबरले.
पण त्याहून वाईट म्हणजे आवाज ओळखीचा निघाला.
मिरजेचा माझा भाचा, इंजिनिअर, दोन वर्षं घरी बसलेला,
हल्ली फोनवर अगदी असाच बोलतो.
त्याचे 'ते' वेगळे. डोळ्यांतली चकाकी तीच,
ताप चढताना येते ती.
त्याला मी काय म्हणाले?
जेवलास का, म्हणाले.

जुलैत एका सकाळी छोट्या चौकातल्या पांढऱ्या गोलावर
लाल क्रॉस रंगवलेला. रंग अजून ओला.
कॉरीच्या अंगठ्याच्या नखाशीही लाल.
"उजवीकडून येणाऱ्याला आधी," मी नेहमीसारखं म्हटलं.
उजवीकडून टॅक्सी आली, दाढीवाला ड्रायव्हर.
कॉरीने ब्रेक लावला नाही.
मी लावला.

क्रॉसच्या बरोब्बर मधोमध गाडी बंद पडली.
टॅक्सीवाल्याने शिवी दिली नाही,
नुसता हात हलवला: जा, बाळा, तू जा.
कॉरीचे कान लाल,
दाबले तर आकार बदलेल असे.
"दिसलाच नाही तो मला," म्हणाला.
खरंच असेल. तेच लागलं मला.

ऑगस्टमध्ये पास झाला, चुका फक्त तीन.
मिठी मारली. तोच पुठ्ठ्याचा वास.
"आता शनिवारी व्हॅन मीच चालवणार, मिसेस के,
सगळ्यांना घेऊन."
अठरा वर्षांत इतका सुरेख रिव्हर्स
कुणाला शिकवला नव्हता मी.

रात्री मिरजेला फोन लावला. वाजत राहिला.
तिकडे पहाट होती, झोपला असेल.
मी अंधारात पडून
उजवा पाय गादीत दाबत होते,
दाबत होते.