परिशिष्ट तीन

अप्पा बळवंत चौकातून आत, दुसऱ्या बोळात,
गाइडांचे गठ्ठे ओलांडत यावं लागतं माझ्या दुकानात.
टायपिंग, बाइंडिंग, कव्हरवर सोनेरी अक्षरं.
एकवीस वर्षांत
उसाच्या किडीवरचे, पतपेढ्यांच्या थकबाकीवरचे,
एक तर नुसत्या बिजागऱ्यांवरचा
प्रबंध टाइप केलाय मी.
वाचला एकही नाही.
बोटं वाचतात, मी रेडिओ ऐकतो.

नाईकनवरे मॅडम आल्या कापडी पिशवीत तीन फाइली घेऊन.
विषय दोन ओळींचा, शाळांमधल्या छळाचा.
'समलिंगी' म्हणताना त्यांनी आवाज खाली नाही आणला,
शेजारचा झेरॉक्सवाला मान वर करून बघत राहिला
तरी.
ताकीद एकच:
परिशिष्ट तीन मुलांनी स्वतः लिहिलंय,
त्यातलं ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचं नाही.

पहिला आठवडा व्याख्यांचा, टक्क्यांचा गेला.
मग ती पानं.

हडपसर, आठवी:
'मी शाळेत पानी पीत नाही. पानी पिलं की मुतारीत जावं लागतं.'
येरवडा, नववी:
'पीटीचे सर पन माझ्यासारखं चालून दाखवतात. सगळे हसतात. मी पन हसतो.'
सहकारनगर, दहावी:
सहा ओळी खोडलेल्या, खाली
'काही नाही.'

आणि एक आई, तिचं मॅडमनी लिहून घेतलेलं:
बाटली भरून नेतो, भरलेलीच आणतो.
आम्हाला वाटायचं, विसरतो.

आणि तो शब्द.
बायल्या.
संगणक त्याच्याखाली लाल नागमोडी रेघ ओढतो,
असा शब्दच नाही म्हणतो,
त्याऐवजी सुचवतो: बाहुल्या, बादल्या.
एकोणसाठ वेळा टाइप केला.
एकदाही अडखळलो नाही.
तेच लागलं मला.
बोटांना पाठ होता तो.

यतीन ओतारी.
पर्वतीच्या पायथ्याची शाळा, खिडकीकडचा तिसरा बाक.
करकटकाच्या टोकानं कोरला होता मी.
जोडाक्षर चुकलं,
म्हणून शेजारी पुन्हा एकदा, नीट.
शुद्धलेखन माझं पहिल्यापासून चांगलं.

नववीच्या सहामाहीनंतर तो आलाच नाही.
दाखल्यावर काय लिहितात ठाऊक आहे मला,
कोरे दाखलेही छापतो मी गठ्ठ्यानं.
वर्तणूक: चांगली.
शाळा सोडण्याचे कारण: पालकांची विनंती.

तक्ता क्रमांक चौदा.
हे घडत असताना तू काय केलंस?
थांबवलं. सरांना सांगितलं. निघून गेलो. हसलो.
'हसलो'च्या रकान्यात दोनशे सात.

शनिवारी मॅडम मुद्रितं तपासायला आल्या,
माझ्याच स्टुलावर बसल्या, पेन्सिल कानामागे.
मी म्हटलं, चौदाव्या तक्त्यात गडबड आहे,
शेवटच्या रकान्यात एक कमी भरतोय.
त्यांनी सगळे अर्ज काढले, पुन्हा मोजले,
ओठ हलवत, बोटांच्या पेरांवर.
"बरोबर आहे हो. दोनशे सातच."
मग चष्म्यावरून बघितलं माझ्याकडे
लागतं त्यापेक्षा जरा जास्त वेळ,
आणि विचारलं काहीच नाही.
एवढ्या पोरांना विचारत फिरलेली बाई,
कुठे विचारायचं नाही हेही शिकली असणार.
की नुसत्या थकल्या होत्या, कोण जाणे.
"असेल," मी म्हटलं, "माझंच चुकलं."

अठरा रुपये पान. पाच प्रती, निळं रेक्झीन.
चहा त्यांनीच पाजला.

रात्री पानं क्रमानं लावताना
ते बाटलीचं पान पुन्हा वर आलं.
डिंक वाळायचा होता, घाई नव्हती.
रेडिओ बंद केला
आणि वाचलं.