अकरा मीटर

सप्टेंबरात मोजणीवाले आले.
तीन पायांची घोडी, पिवळ्या पेट्या,
आणि बेर्नहून आलेली एक मुलगी, नाकावर पांढरं मलम.
आमच्याकडेच उतरतात, गावात दुसरी जादा खाट नाही.
एकेचाळीस माणसं, नऊ धुरांडी,
आणि जकात नाक्याच्या तळघरात आता
कुणाच्या तरी शेळ्यांचं चीज मुरतं.

हद्द वर हिमनदीच्या पाठीवरून जाते.
पाणी ज्या अंगाला वळेल त्या अंगाचा देश.
हे ठरलं तेव्हा बर्फ जागचं हलत नाही
असं सगळ्यांनी धरून चाललेलं.
हल्ली दर दोन वर्षांनी रेघ मोडून पुन्हा काढतात,
शाळेत निघालेल्या पोरीच्या भांगासारखी.

या खेपेला तिथे पोतं सापडलं.
तागाचं, खांद्याला दोन पट्टे,
आत तीस किलो कच्ची कॉफी, खडूसारखी फटफटीत.
शेजारी एक पायताण, तेही तागाचंच,
पावलं वाजू नयेत म्हणून बायका
हिवाळाभर शिवत बसायच्या, तसलं.
एकच.

आईला दाखवायला गाठ तेवढी कापून आणली.
ब्याण्णव वर्षांच्या आईने चष्मा न लावता
बोटांनी चाचपली. गवताच्या भाऱ्याला
आजोबा मारायचे ती, शेपूट आत खोचलेली.
"इलारिओ," म्हणाली. आणि जरा वेळाने,
"कुणी सोडली नाही ना?"
नाही, कापली.
"मग ठीक."

सत्तेचाळीसचा फेब्रुवारी. मामा एकोणीस वर्षांचा.
खिंडीत त्या रात्री तिघे पहारेकरी,
कॅलाब्रियाचे, लिंबांच्या गावांतले,
बर्फ पहिल्यांदाच बघणारे.
एकाने गोळी झाडली. हवेत, असं कागदावर आहे.
वरचा उतार सुटला.

त्या तिघांतला एक पुढे आमचा बाप झाला.
आमची बोली शिकला, छपराला दगडी पाट्या बसवायला शिकला,
गाभण गाईजवळ रात्र रात्र बसायचा.
बारशाला, मयताला, नाताळच्या पहाटे
घरभर कॉफीचे कप फिरायचे,
तो म्हणायचा, मला पाणी चालेल.

रात्री सूप पिताना मुलीने नकाशा उलगडला.
पोतं होतं ती जागा मागच्या मोजणीत स्वित्झर्लंड.
पाणलोटाची धार सरकली. आता इटली,
अकरा मीटर आत.
तिच्याबरोबरचा पिकल्या मिश्यांचा म्हणाला,
मग जकात लागू होते की!
कुणी हसलं नाही. तो पावाचा तुकडा कुस्करत राहिला.

"म्हणजे पोचवलं त्याने," आई म्हणाली.

मी कढई तापवली, मूठभर दाणे टाकले.
तडतडले नाहीत, वास नाही, नुसता धूर.
तरी दळले, उकळले, कप मांडले.
हाताच्या सवयीने एक बापाच्या खुर्चीसमोरही,
वीस वर्षं झाली त्याला जाऊन.
किटली तिकडे वळवली तशी
आईने कपावर हात ठेवला.
"त्यात पाणी ओत."