अर्धी गिरकी

मी पाया.
माझ्या हातात तिचा पाय.
साइमीचा, छत्तीस नंबरचा पांढरा बूट.
त्याच्या तळव्याची नक्षी माझ्या तळहातावर
दुसऱ्या दिवशीही असते, गणिताच्या तासाला,
दुधाच्या ग्लासाभोवती बोटं वळवताना.

कुओपिओत नोव्हेंबरपासून उजेड दुपारी तीनलाच आवरतं घेतो.
आमची जिम म्हणजे प्लायवूडचं जुनं गोदाम,
एका कोपऱ्यात हीटर, बाकीचे तीन कोपरे आपापले.
मार्केत्ता येते मासळीबाजारातून थेट,
नखांत खवले,
आणि कोट काढायच्या आत म्हणते, पुन्हा.

पूर्ण गिरकी म्हणजे
मी आणि रोनिया तिला उचलतो, वळवतो,
ती आमच्या हातांतून अख्खा फेरा घेत वर जाते
आणि वर पोचल्यावर एका पायावर, दुसरा पाय कानाशी,
चेहऱ्यावर हसू.
हसू धरून तीन आकडे मोजायचे.
अर्धी गिरकी म्हणजे हेच, फेरा तेवढा निम्मा.

ऑक्टोबरात दहातल्या चार जमत होत्या.
जानेवारीत सात.
"सात!" साइमी म्हणाली, जणू दहाच.
"तीन," कैसा म्हणाली.
कैसा मागे उभी असते, पडणारीला झेलते.
तिच्या ओठाला दोन टाके आहेत.

मार्केत्ताने मासळीच्या खोक्याचं झाकण उलटं केलं,
दोन रकाने आखले: अवघड किती, सफाई किती.
एकात ओतावं तर दुसऱ्यातून गळायचं.
बराच वेळ पेन्सिल चावून म्हणाली,
"काटा राहिला ना, की गिऱ्हाईक मासा विसरतं,
काटा लक्षात ठेवतं."
निघायच्या आदल्या रात्री ठरलं. अर्धी.

ताम्पेरेपर्यंत साइमी बोलली नाही.
बसच्या काचेवर श्वास सोडायची,
बोटाने गोल काढायची,
मिटायच्या आत पुसायची.
मला म्हणायचं होतं, हातचं सोडून पळत्यामागे कशाला,
पण हातचं म्हणजे तीच होती
आणि पळतंही तीच.

मॅटवर अडीच मिनिटं.
अर्धी गिरकी झाली. साफ.
इतकी साफ की कुणाचा श्वास अडकला नाही,
तिसऱ्या रांगेतले एक आजोबा
सँडविचचा कागद सोडवत राहिले.
वजावट शून्य.

मग तुर्कूच्या मुली. पूर्ण गिरकी.
वर त्यांची ती पोर डगमगली, गुडघा वाकला,
खाली सहा हात एकदम सरकले तिच्याखाली,
आणि अख्खं सभागृह उभं राहिलं
ती पडू नये म्हणून.
मीसुद्धा. साइमीसुद्धा.
पडली नाही.
डगमगीचे गुण कापूनही त्या दुसऱ्या आल्या.
आम्ही चौथ्या.

परतताना युवॅस्कुलाच्या अलीकडे पेट्रोल पंपावर
मार्केत्ताने सगळ्यांना कोको घेऊन दिला,
स्वतः बाहेर बर्फात उभी राहून
ते झाकण पुन्हा वाचत बसली. हो, सोबत आणलं होतं तिने.
माझा कप थरथरला, बाहीवर सांडला.
साइमीने माझं मनगट पाहिलं.
"कधीपासून?"
दुसऱ्या आकड्यापासून, मी म्हटलं. तुला वर कळलं नाही?
"नाही," ती म्हणाली.
"मला वाटलं, जमिनीवर उभी आहे."

परीक्षकांनाही कळलं नव्हतं.
कोपरं बरगड्यांशी घट्ट दाबून
ती थरथर मी आत कुठेतरी ढकलून दिली होती.
सफाई म्हणतात तिला. 
निम्मी तर हातसफाईच.

साइमीने माझा कप स्वतःच्या हातात घेतला,
माझ्या ओठांशी धरला, लहान मुलाला धरतात तसा,
अजिबात न सांडता.
मग हळूच म्हणाली,
"सोमवारी पूर्ण घेऊ?"

कोको अजून गरम होता.
मी फुंकत राहिले.