आधी सोडावी लागते

जांबियानीच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली
की आम्ही गुडघाभर पाण्यात,
दोऱ्यांवर शेवाळाचे कोंब बांधत.
बी सुबिरा मात्र पाठ फिरवून बसायची.
तिची गाठ तिच्या बापाची, तो नावाडी;
उधाणातही सुटायची नाही.
आमची निम्मी शेती समुद्र घेऊन जाई.
ती चेटूक करते, असं लोक म्हणत.
लोक म्हणजे मीच. सगळ्यांत मोठ्यानं.

त्या साली काझकाझी वारा पिसाळला.
माझ्या एकवीस दोऱ्या रात्रीत नागव्या.
सकाळी ती आली. बोलली नाही.
आपल्या दोरीवरची एक भरली गाठ
माझ्यासमोर सोडली.
हातभर वाढलेलं शेवाळ वाहून गेलं,
तिनं तिकडे पाहिलंही नाही.
"बघ. आधी अंगठ्याखालून."

मग माझ्या जावेला. मग माझ्या जावेच्या वैरिणीला.
तिच्या दोऱ्या त्या हंगामात विरळच राहिल्या.

तिला कुणी निवडलं नाही.
काटा घेऊन व्यापारी आला, म्हणाला,
"तुमच्यातली मुख्य कोण?"
चाळीसजणी गप्प.
चाळीस माना मात्र एकीकडेच वळल्या.
ती दचकली, ओले हात कांग्याला पुसत म्हणाली,
"आधी रिकामा काटा दाखव."

काल माझ्या झाकियानं तीच गाठ
एक वेढा कमी घेऊन बांधली.
सुबिरानं दोनदा हिसका दिला. सुटेना.
"पुन्हा," ती म्हणाली, "जरा सावकाश,"
आणि चष्मा कपाळावरून खाली ओढून
पोरीच्या हातांवर वाकली.
भरती घोट्यांपर्यंत आली होती.