हलका कान

ग्वाल्हेर, जानेवारी, सकाळचे पावणेसात.
दौलतगंजातल्या आमच्या गच्चीवरून
शेजारच्या गोडब्यांची पाण्याची टाकी दिसत नाही.
किल्ला तर परवापासूनच गेलाय.
गल्लीत दूधवाला आधी खोकला म्हणून येतो,
मग किटली म्हणून,
शेवटी माणूस म्हणून.

बाफनांचा तिसरा फोन.
इंदूरला साडेअकराचा मुहूर्त, भाचीचं लग्न,
"मॅडम, जरा वर गेलं की ऊनच असतं ना?"
असतं. वर कायम ऊन असतं.
पण चौथ्या मिनिटाला तेलाचा लाल दिवा लागला
तर या ताकात मी परत कुठे उतरू,
हे त्यांना विचारत नाही.
नाही म्हणते, आणि फोन ठेवते.

कारणं दोन.
एक नियमातलं : धावपट्टीवर शंभर मीटरही दिसत नाही.
दुसरं लॉगबुकातलं :
सहा महिन्यांत ढगाच्या पोटात
एक तास चोवीस मिनिटं.
बाकी सगळं निळं, आळशी आकाश.
कागदावर माझी मुदत चैत्रापर्यंत आहे.
कागद ढगात शिरत नाही.

इंदूरच्या क्लबात मोघे सर
डोळ्यांवर टोपडं चढवायचे. बाहेरचं जग बंद,
समोर फक्त सहा तबकड्या.
मग खिशातून जीरावनच्या डबीचं झाकण काढून
क्षितिजाच्या तबकडीवर चिकटवायचे.
"ही गेली समज. उरलेल्यांना विचार."
महूच्या बाजूला कुठेतरी
विमान डावीकडे कलत होतं, शपथेवर सांगते,
मानेला कळत होतं, पोटाला कळत होतं.
काटे म्हणत होते, सरळ.
मी उजवीकडे दाबलं,
आणि तेव्हा कुठे ते खरंच कललं.
"हलक्या कानाची आहेस," सर म्हणाले.
"कानातलं पाणी येऊन चहाडी करतं
आणि तू ऐकतेस."
झाकणाला मसाल्याचा वास होता.
अजूनही धीर सुटला की
माझ्या नाकात जिरं येतं.

स्वयंपाकघरात वेताची खुर्ची.
डोळे मिटून बसते, दोन्ही हातांत लाटणं.
नाथाकाका, छत्तीस वर्षं रेल्वे टपालात
पत्रं लावत आलेला माणूस,
आज टॉवर तोच, काटे तोच, इंजिनही तोच.
"उंची दोन हजार. वेग एकशे दहा.
जरा खाली जातेयस."
"किती?"
"जरा."
"काका, जरा नको. आकडा."
तो चष्मा पुसतो, आकडा देतो.
मग त्याला चव लागते :
"डावं इंजिन बंद!"
हात सवयीने निघतो, भलतीकडे पोचतो.
ऑगस्टात हा हात चुकत नव्हता.
पुन्हा. चहावर साय धरते. पुन्हा.

"दोनशे फूट. धावपट्टी दिसली?"
"नाही."
"अगं थांब जरा, दिसेल..."
"नाही. वर."
पाच वेळा उतरायला गेले,
पाचही वेळा वर.

अकराला टाकी उगवते,
तिच्याआधी तिच्यावरचा कावळा.
बाफनांचा फोन येत नाही,
ते जास्त लागतं.

"मी बसू का एकदा?" काका विचारतो.
बसतो. डोळे मिटतो. लाटणं घट्ट.
"सरळ चाललोय ना?"
तो हळूहळू डावीकडे झुकत चाललाय,
चेहऱ्यावर मात्र अगदी सरळ माणसाचा भाव.
मी काही बोलत नाही.
मांडणीवर एखादं गोल झाकण मिळतंय का बघते.