वजनाची वही

जिनिंग बंद पडल्यापासून तो काटा
शेडच्या कोपऱ्यात पोत्याखाली झाकून होता.
आम्ही तिघं गेलो, पोतं ओढलं.
पाली सैरावैरा पळाल्या.
दांडीच्या खाचेत अजून
रुईचा एक पुंजका अडकलेला.
म्हटलं, बाबा रे, जन्मभर कापूस तोललास,
हलक्याची सवय आहे तुला.
आता हे तोल:
खर्र्याच्या पन्न्या, बियाण्याची पाकिटं,
दुधाच्या पिशव्या, आणि बाजाराखाली
नाल्यानं दातांत धरून ठेवलेलं
सगळं.

ग्रामपंचायतीनं ठराव घेतला.
गेडाम सरांनी तक्ता काढला, सहावीच्या पोरांनी रंगवला.
बुधवारी बाजार, म्हणून केंद्रही बुधवारी.
मुकिंदा ऑटोला भोंगा बांधून गल्लोगल्ली:
"घरचं प्लास्टिक आना होऽ, किलोमागं सहा रुपये!"
मी रिटायर पोस्टमास्तर. अक्षर बरं,
म्हणून वही माझ्याकडे.

पहिला बुधवार, अकरा किलो चारशे.
दुसरा, सव्वीस.
तिसऱ्याला रांग पिंपळापर्यंत गेली,
तक्त्याखाली उभं राहून सगळ्यांनी फोटो काढले.
आणि नाल्यात, खोटं कशाला बोलू,
पाणी दिसायला लागलं.

चौथ्या बुधवारी वही मिटताना
ध्यानात आलं:
झिंगूबाई किनाके कुठं दिसली नाही.

वीस वर्षं ती पहाटे निघायची,
खांद्यावर पोतं, हातात वाकवलेली सळई.
कुत्री तिला ओळखायची. आम्ही
कुत्री भुंकली नाहीत की समजायचो, ती गेली.
तक्ता काढण्याआधी सरांनी तिलाच विचारलं होतं
कुठलं विकतं, कुठलं नाही.
ती बाटली कानाशी धरून चुरगाळायची:
"हे कडक बोलते, हे येगळं ठेवा.
हे मऊ बोलते, याले भाव नाई."
ते सगळं तक्त्यावर आलं.
कमिटीच्या यादीत तिचं नाव आलं नाही.
यादीही माझ्याच अक्षरात आहे.

गेलो.
दारात दोरीवर पोतं वाळत घातलेलं,
रिकामं, घासून धुतलेलं.
इतक्या स्वच्छ पोत्याची मला भीती वाटली.

"बसा मास्तर.
तुमी त्याले कचरा म्हनून रायले,
म्या त्याले मीठ-मिरची म्हनत होती.
आता सारं गाव येचून रायलं,
मंग मी काय येचू?"

मी काय बोललो, आठवत नाही.
चहा काळा होता.
साखर फक्त माझ्या कपात होती.

कमिटी बसली, दोन तास.
अध्यक्ष बुटले म्हणाले, पगार आणायचा कुठून?
सर म्हणाले, भोंग्याचं भाडं कुठून आणलं?
मग बराच वेळ
पंखाच बोलत राहिला.

पाचव्या बुधवारी ती काट्यापाशी बसली.
खुर्ची दिली, ती तिनं पायानं सारली,
आपलं पोतं अंथरलं.
पहिलंच गठुडं बुटल्यांच्या घरचं.
हात घातला, वास घेतला:
"याच्यात वरन हाय. धुऊन आनजा."
रांग हसली. बुटलेही हसले,
जरा उशिरानं.

फवारणीच्या बाटल्यांना ती
कुणाला हात लावू देत नाही, पोरांना तर नाहीच.
मोजे घालते, वेगळ्या ढिगात लावते,
आणि एकेकीच्या बुडाला
खिळा ठोकून भोक पाडते,
कुणी घरी नेऊन तिच्यात गोडं तेल भरू नये म्हणून.

एवढं कशाला, मी विचारलं.
तिचा खिळा थांबला.
मग तिनं पुढची बाटली उचलली.
"लिवा तुमी. नऊ किलो."

लिहिलं. नऊ किलो.
रकाना तेवढाच होता.